माकुलाच्या बोटीवर रात्री एवढा उजेड कशाला?

मी मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर, म्हणजे रात्री १२ ते ४ची वॉच, पहाऱ्याची पाळी, माझी. काही वर्षांपूर्वी आमचं जहाज चिलीहून मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकमध्ये आलं आणि ब्राझीलकडे वर चाललं होतं, मार्च महिना, अर्जेंटिनाचा किनारा डाव्या हाताला पण इतका लांब की दिसायचा प्रश्नच नाही. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, आलो, डोळे अंधाराला सरावू दिले आणि बघतो तर समोर उजवीकडे क्षितिजावर फिकट हिरवट उजेड. आधी वाटलं चंद्र उगवतोय, पण अमावस्या दोन दिवसांवर होती, चंद्र कुठला यायला. चार्टवर त्या दिशेला शहर नाही, बेट नाही, नुसतं पाणी. आणि उजेड असा की ढगांची पोटं खालून उजळलेली, रात्री घाट उतरताना लांबून पनवेल-मुंबईचं आभाळ दिसतं ना, तसं.

लुकआउटला, म्हणजे नजर ठेवायला, फिलिपिनो एबी (खलाशी) होता. मी विचारायच्या आत म्हणाला, "स्क्विड, सर."

स्क्विड म्हणजे आपलं माकूल, मऊ अंगाचा, शुंडांचा समुद्रातला जीव. कुठे म्हाकुळ म्हणतात, गोव्यात माणकी. देवगडला आमच्या घरी आई मसाला भरून करते ते. ते पकडायला समुद्रात एक अख्खं शहर पेटवून ठेवतात हे मी ऐकून होतो, बघितलं त्या रात्री. पुढचे दोन तास रडार म्हणजे गोवर आलेल्या पोराचं अंग, ठिपकेच ठिपके, आणि जेवढे ठिपके तेवढी नावं एआयएसवर (जहाजाचं नाव-ठिकाण सिग्नलने कळवणारी यंत्रणा) नाहीत, म्हणजे कितीजणांनी आपला सिग्नल बंद ठेवलाय ते आपलं आपण समजून घ्यायचं. कॅडेट असताना पाठ केलेलं असतं की मासेमारी करणाऱ्या बोटीवर वर लाल आणि खाली पांढरा दिवा दिसतो. इथे तो लाल दिवा शोधणं म्हणजे लग्नाच्या मांडवात उदबत्तीचं टोक शोधणं. कॅप्टनला उठवलं आणि लांबून वळसा घालून निघालो.

हा उजेड आकाशातूनही दिसतो. २०११ साली सोडलेल्या सुओमी एनपीपी नावाच्या उपग्रहावर रात्रीचे बारीक दिवे टिपणारं उपकरण आहे, त्याच्या फोटोत अर्जेंटिनाच्या पूर्वेला समुद्रात चक्क दिव्यांची रेघ दिसते. रेघ का, तर किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत अर्जेंटिनाचा हक्क, तिथे परवान्याशिवाय पकडलं तर त्यांचं कोस्टगार्ड मागे लागतं, २०१६ च्या मार्चमध्ये त्यांनी एक चिनी बोट गोळीबार करून बुडवली होती (माणसं वाचली). म्हणून सगळे त्या हद्दीच्या जस्ट बाहेर दाटीवाटीने उभे राहतात. तिकडे त्या जागेला नावच आहे, मैल २०१.

आता मुद्द्यावर येतो. इतकी वर्षं माझी समजूत अशी होती की दिव्यावर पाकोळ्या येतात तसं माकूल उजेडावर येतं, आणि लोक ते गोळा करतात. सोपं आहे. पण तसं असतं तर ते बोटीच्या दिव्याखाली, सगळ्यात झगमगीत पाण्यात गोळा झालं पाहिजे. आणि तिथे ते नसतं! हे मला पुढे जपानात कळलं, तेही एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, हाताने दाखवलं तेव्हा.

झालं असं की आमचं जहाज दुरुस्तीला हाकोदातेला गेलं. हे होक्काइदो बेटाच्या दक्षिण टोकाचं गाव आणि माकुलासाठी वेडं. गावाचा अधिकृत मासा माकूल, गावच्या जत्रेत माकुलाचा नाच, सकाळच्या बाजारात नाश्त्याला कच्च्या माकुलाच्या शेवया (कच्च्या बरं का, आलं आणि सोयासॉस लावून, मी खाल्ल्या, चांगल्या लागतात, आईला सांगितलं नाही). जून ते जानेवारी हंगाम. रात्री हाकोदातेच्या डोंगरावर चढलं की खाली गावाचे दिवे आणि पलीकडे समुद्रात बोटींचे दिवे, त्यांना जपानी लोक इसारिबी म्हणतात, मासेमारीची आग. पूर्वी खरंच आग असायची, बोटीच्या टोकाला लोखंडी टोपलीत लाकडं पेटवायचे. मग अ‍ॅसिटिलीनचे दिवे आले, मग साधे बल्ब, मग हॅलोजन, आणि आता मेटल हॅलाइड, म्हणजे आपल्या स्टेडियमवर असतात त्या जातीचे.

आमच्या एजंटच्या ऑफिसातल्या एका पोराचा काका माकुलाच्या बोटीवर सेन्दो होता. सेन्दो म्हणजे तांडेलच. जुलैतल्या एका संध्याकाळी मला आणि आमच्या इलेक्ट्रिकल ऑफिसरला, साताऱ्याचा आहे तो, बोटीवर यायला मिळालं. अट एकच, मध्ये मध्ये करायचं नाही. बोट छोटी, २० टनांच्या आतली, माणसं दोन, सेन्दो आणि त्याचा मुलगा. दोन माणसं रात्रभर काय पकडणार असं मनात आलं, ते तासाभरात उतरलं.

दुपारी चारला निघालो. दीड-दोन तास गेल्यावर सेन्दोने पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्रावर काहीतरी बघून इंजिन बंद केलं आणि पुढच्या बाजूने पाण्यात एक भली मोठी कापडी छत्री सोडली. पॅराशूटच, फक्त पाण्यातलं. हे कशासाठी ते समजून घ्या कारण सगळा खेळ त्यावर आहे. बोटीला वारा ढकलतो आणि पाण्याला प्रवाह नेतो, दोघांचं जमत नाही. बोट वाऱ्याने एकीकडे आणि खाली सोडलेल्या दोऱ्या प्रवाहाने दुसरीकडे, मग दोऱ्या तिरप्या होऊन एकमेकीत गुंतणार. पॅराशूट पाण्यात फुगलं की ते पाण्याबरोबरच जातं आणि बोटीलाही पकडून ठेवतं, म्हणजे बोट आणि पाणी जवळजवळ एका चालीने सरकतात, दोऱ्या सरळ खाली लोंबतात. मागच्या बाजूला एक छोटं शीड लावतात, त्याने बोटीचं तोंड वाऱ्याकडे राहतं. आमच्या जहाजावर करोडोंचं सामान असून ड्रिफ्ट सांभाळताना घाम फुटतो आणि ह्यांनी कापडाच्या दोन तुकड्यांत काम केलं.

अंधार पडायच्या आधीच दिवे लावले. बोटीच्या मधोमध, डोक्याच्या बऱ्याच वर, पुढून मागे दोन रांगा, प्रत्येक बल्ब मोठ्या दुधीभोपळ्याएवढा. मेटल हॅलाइड एकदम पेटत नाही, आधी जांभळट, मग हिरवट, मग हळूहळू पांढरा आणि मग बघवत नाही. दोघांनी टोप्या खाली ओढल्या, तोंडाला फडकं, गॉगल. मी हसलो. रात्री गॉगल! सकाळी माझं नाक आणि मान लाल झाली होती, भर उन्हात मॅच खेळून आल्यासारखी, कारण ह्या बल्बच्या उजेडात अतिनील किरणंही असतात आणि आपण त्याच्या काही फुटांवर दहा तास उभे.

मग सेन्दोने मला कठड्यापाशी नेऊन वाकायला लावलं. वरून खाली बघितलं तर कळलं. दिवे बोटीच्या मधल्या रेषेवर, त्यामुळे बोटीची बाजू खालचा उजेड अडवते. लांबचं पाणी हिरवंगार उजळलेलं, पण बोटीला अगदी लगटून जे पाणी आहे ते काळं, आणि बोटीच्या पोटाखाली तर पूर्ण अंधार, पाचर ठोकल्यासारखा खाली गेलेला. सेन्दोने एक तळहात आडवा धरला, म्हणजे ही आपली बोट, आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या खाली वळवळवली. माकूल इथे. उजेडात नाही, सावलीत.

ह्याचं कारण माकुलाच्या रोजच्या आयुष्यात आहे. दिवसा ते खोल, अंधाऱ्या पाण्यात असतं, कारण वर उजेडात त्याला मोठे मासे खातात. संध्याकाळ झाली की वर येतं, कारण त्याचं खाणं, म्हणजे बारीक मासे, कोळंबीसारखे जीव, रात्री वर येतात. म्हणजे त्याला दोन गोष्टी एकदम पाहिजेत, जेवण दिसलं पाहिजे आणि आपण कोणाला दिसायला नको. बोटीच्या उजेडाने बारीकसारीक जीव जमतात, त्यांच्या मागे माकूल येतं, पण झगझगीत पाण्यात शिरायला बघत नाही. ते सावलीच्या काठाला येऊन थांबतं, स्वतः अंधारात आणि समोर सगळं उजळलेलं, सिनेमाहॉलमध्ये बसल्यासारखं. समोरून काही चमकत गेलं की झडप घालायची आणि परत मागे.

आणि गळ सोडतात तो नेमका त्याच काठावर, बोटीच्या अगदी कडेने. म्हणजे दिवे लावतात ते सावली पाडायला असं म्हटलं तरी चालेल. मला हे कळल्यावर फार आनंद झाला, साताऱ्याच्या मित्राला समजावायला गेलो तर तो म्हणाला ते ठीक आहे पण जनरेटर किती केव्हीएचा आहे ते विचार.

आता गळ. ह्याला आमिष लावत नाहीत. बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी, रंगीत, आणि तिच्या खालच्या टोकाला बारीक पिनांचं गोल कडं, उलट्या छत्रीसारखं. जपानी लोक ह्याला त्सुनो म्हणतात, म्हणजे शिंग, पूर्वी हरणाच्या शिंगापासून करायचे म्हणून. एका दोरीला साधारण मीटरभर अंतराने असे वीस-तीस त्सुनो, शेवटी शिशाचं वजन. आपल्या गळाला टोकाजवळ उलटा काटा असतो, अडकलेला मासा सुटू नये म्हणून. ह्या पिनांना तो नसतो. मुद्दाम नसतो, का ते पुढे येतंय.

दोरी गुंडाळणारं मशीन बोटीच्या कडेला, प्रत्येक मशीनला दोन मोठी रिळं, एक एका बाजूला आणि एक दुसऱ्या. रिळ गोल नसतं! लंबगोल असतं, चपटं. गोल रिळाने दोरी एकसारखी वर आली असती, लंबगोलाने ती हिसके खात येते, वर, थांब, वर, थांब, आणि खाली पाण्यात तीस त्सुनो घाबरलेल्या मासळीसारखे उड्या मारतात. माणूस हाताने दोरी ओढताना जो झटका द्यायचा तोच. जुने लोक हातानेच ओढायचे, त्यांची बोटं दोरीने कापून निघायची. आताच्या मशीनमध्ये कॉम्प्युटर आहे, किती मीटर खाली सोडायचं, वर किती वेगाने, हिसका किती मोठा, सगळं सेट करता येतं, आणि हाकोदातेतच बनलेली ही मशीनं जगभरच्या बोटींवर जातात.

माकूल त्सुनोवर झडप घालतं, दोन लांब शुंडांनी पकडतं, आठ हातांनी कवटाळतं आणि पिनांत अडकतं. आता दोरी जोवर वर ओढली जातेय तोवर ताण आहे, ताण आहे तोवर ते अडकलेलं राहतं. दोरी कठड्याबाहेरच्या रोलरवरून आत वळते, त्सुनो उलटा होतो, आणि उलटा काटा नसल्याने माकूल आपोआप सुटून खालच्या जाळीवर पडतं, तिथून घसरत पन्हळीत. कोणी हात लावायचा नाही. त्सुनो पुढे रिळावर, रिळ संपलं की परत पाण्यात. म्हणून दोन माणसांत बोट चालते.

मी पन्हळीपाशी बसलो होतो. पाण्याबाहेर आलं की माकूल पहिली गोष्ट करतं ती म्हणजे पिचकारी, आधी पाणी, मग शाई, आणि आवाज पण काढतं, चिक् चिक् असा, ओली चप्पल फरशीवर घासल्यासारखा. रंग गडद लालसर तपकिरी. एकाला हातात घेतलं तर जिथे माझी बोटं लागली तिथून रंग सरकायला लागला, बारीक ठिपके उघडझाप करतायत, आख्ख्या अंगावर, पाऊस सुरू होताना डबक्यावर दिसतं तसं. मिनिटभरात एक बाजू पांढरी फट्ट, दुसरी अजून तांबडी. आपण बाजारात बघतो ते पांढरं माकूल म्हणजे हे सगळं संपल्यानंतरचं. मग त्याने माझ्या शर्टावर शाई सोडली. तो शर्ट अजून आहे, डाग पण आहे.

सेन्दोचा मुलगा तोवर थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, बर्फावर प्लॅस्टिकचा कागद आणि कागदावर माकुलं लावत होता, सगळी एकाच दिशेला तोंड करून, मापाप्रमाणे, ह्या खोक्यात २०, त्या खोक्यात २५, लहान असतील तर ३०. कागद कशाला तर बर्फाचं गोडं पाणी लागलं की कातडी पांढरी पडते, आणि पांढरं पडलेलं माकूल लिलावात खाली जातं. दहा तास हेच. मशीन पकडतं हे खरं, पण एका मशीनची दोरी गुंतली की तीस त्सुनो, म्हणजे शेकडो पिना, एका लोळ्यात, आणि तो लोळा हलणाऱ्या बोटीवर ओल्या गार हातांनी सोडवायचा. पोराच्या बोटांवर इतके बारीक पांढरे वण होते की मोजायची सोय नाही. रात्री दोन वाजता एकदा असा गुंता झाला, वीस मिनिटं गेली, त्या वीस मिनिटांत शेजारची मशीनं धडाधड माकूल टाकत होती आणि बाप एकटा पन्हळीवर. कोणी कोणाला ओरडलं नाही. आमच्याकडे बोटीवर एवढ्यात तीन पिढ्यांचा उद्धार झाला असता.

त्सुनोच्या रंगावरून मात्र दोघांत वाद झाला. बापाचं म्हणणं आज हिरवा, मुलगा म्हणे निळा. गंमत म्हणजे बहुतेक माकुलांच्या डोळ्यात रंग ओळखायची सोयच नाही, एकाच प्रकारचं रंगद्रव्य असतं, निळसर-हिरव्या उजेडाला सगळ्यात जास्त जागं होणारं. म्हणजे त्यांना दिसतो तो फिका-गडद फरक. पण हे मी मध्ये पडून बोललो नाही, अट होती.

तीनच्या सुमाराला सेन्दोने अर्धे दिवे विझवले. एकदम. लांब रेंगाळणारी माकुलं आता आत सरकतात म्हणे, कारण उजेडाचं वर्तुळ आवळलं. पंधरा मिनिटं मशीनं जोरात चालली. हे कधी करायचं आणि किती दिवे ठेवायचे हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही, तो पाण्याकडे बघून ठरवत होता.

आता खर्चाचं बोलू, कारण साताऱ्याच्या माणसाने ते सोडलं नाही. त्या बोटीवर ५०च्या आसपास बल्ब, एकेक ३ किलोवॅटचा. म्हणजे १५० किलोवॅट. आपल्या घरातला दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट खातो, तर हे झाले १०० एसी, रात्रभर, दोन माणसांच्या बोटीवर. डिझेल जनरेटरला एका युनिटला साधारण पाव लिटर डिझेल धरा, तासाला ३७-३८ लिटर. दहा तासांचे पावणेचारशे. जायचं-यायचं इंजिन वेगळं. म्हणून डिझेल भडकलं की माकुलवाले सगळ्यात आधी मरतात, २००८ च्या जूनमध्ये जपानभरच्या माकुलाच्या बोटींनी दोन दिवस समुद्रात जाणंच बंद ठेवलं होतं, आणि जुलैत बाकीचे मच्छीमारही त्यात उतरले.

बरं मग दिवे कमी का नाही लावत? इथे खरी गोची आहे. माकूल उजेड आणि अंधार ह्यांच्या फरकावर येतं. बाजूच्या बोटीचा उजेड माझ्यापेक्षा जास्त असेल तर माझी सावली फिकी, माझा काठ धूसर, माकूल तिकडे. मग मी दहा बल्ब वाढवणार, मग तो वाढवणार. दोन गणपती मंडळांच्या स्पीकरसारखं. शेवटी सगळ्यांचा खर्च वाढतो आणि माकूल समुद्रात आहे तेवढंच. म्हणून जपानात बोटीने किती किलोवॅट लावायचे ह्यावर मर्यादा घालाव्या लागल्या. आणि ह्याच कारणाने पौर्णिमेला धंदा बसतो, चंद्रच एवढा उजेड पाडतो की बोटीचा फरक उरत नाही. सेन्दो म्हणाला पौर्णिमेला आम्ही दुरुस्त्या काढतो.

एलईडी लावून डिझेल वाचवायचा प्रयत्न बरीच वर्षं चालू आहे. डिझेल वाचतं, पण नुसत्या एलईडीवर पकड कमी येते असा अनेक बोटींचा अनुभव, एलईडीचा झोत एका दिशेला जातो, जुना बल्ब चारी बाजूंना सांडतो, त्यामुळे पाण्यातली उजेड-सावलीची मांडणीच बदलते. मग अर्धे हे अर्धे ते.

हे झालं छोट्या बोटीचं, सकाळी बंदरात लिलाव आणि दुपारी घरी झोप. मैल २०१ वरच्या बोटींचं जग वेगळं. आमचा तो एबी आधी दोन वर्षं तशा बोटीवर होता, पुढच्या वॉचना त्याने थोडं थोडं सांगितलं. बोट पन्नास-साठ मीटरची, दोन्ही कडांना मशीनांच्या रांगा, दीडशेच्या आसपास बल्ब, २ किलोवॅटचे धरले तरी ३०० किलोवॅट. रात्री पकडायचं. पकडलेलं ट्रेमध्ये लावून फ्रीझरमध्ये, गोठलं की ट्रेमधून विटेसारखं काढून खोक्यात, खोकी खाली कोल्ड स्टोरेजमध्ये. हे संपेपर्यंत दुपार. मग झोप, किती ते मासळीवर. संध्याकाळी परत दिवे. बोट बंदरात जात नाही, समुद्रातच दुसरं जहाज येतं, माल घेऊन जातं, डिझेल आणि धान्य देऊन जातं. म्हणजे माणसाला जमीन दिसायचं कारणच उरत नाही. तो सलग चौदा महिने उतरला नव्हता. पासपोर्ट कॅप्टनकडे. मी विचारलं सगळ्यात वाईट काय, मला वाटलं थंडी म्हणेल किंवा पगार. तो म्हणाला, अंधार नसायचा. केबिनच्या फटीतून पण उजेड. आता वॉचला लुकआउटला काळोखात उभं राहायला त्याला आवडतं, म्हणून तो १२ ते ४ मागून घेतो. बाकी आम्ही सगळे ती वॉच टाळायला बघतो.

एक गोष्ट अजून समजून घ्यायला पाहिजे, माकूल जगतं किती. जपानचं सुरुमे-इका काय किंवा अर्जेंटिनाचं इलेक्स काय, एक वर्ष. अंडी घातली की मेलं. म्हणजे समुद्रात ह्या वर्षीचं जे आहे ते सगळं एकाच वयाचं, मागच्या वर्षीचं शिल्लक काही नाही. बांगड्याचं एक वर्ष वाईट गेलं तर आधीच्या वर्षांचे थोडे तरी असतात, इथे बँकेत एफडी नाही, दर महिन्याचा पगार दर महिन्याला. एका वर्षी पाणी गरम झालं, अंडी नीट रुजली नाहीत, किंवा सगळं पकडून टाकलं, की पुढचं वर्ष कोरडं. अर्जेंटिनाच्या पूर्वेच्या फॉकलंड बेटांवर म्हणूनच असा हिशोब ठेवतात की पकड झाली नसती तर जेवढं माकूल अंडी घालायला उरलं असतं त्याच्या निदान ४० टक्के तरी उरलं पाहिजे, आकडा त्याच्या खाली जातोय असं वाटलं की हंगाम लवकर बंद. पण माकूल हद्द मानत नाही आणि मैल २०१ वर ही मोजणी करून सगळ्यांना थांबवणारी कुठली संस्थाच नाही. जपानात नियम आहेत तरी पकड कोसळली, २००० सालच्या सुमाराला वर्षाला तीन लाख टनांच्या वर होती, २०२३ मध्ये वीस हजार टनांच्या आसपास. हाकोदातेच्या बाजारात माकुलाच्या टाकीवरच्या पाटीवर किमतीच्या जागी "आजचा भाव विचारा" असं लिहिलेलं मी बघितलं.

आता आपल्याकडचं, कारण एलईडी म्हटलं की कोकणातला माणूस भडकतो आणि बरोबर भडकतो. आमच्याकडचा एलईडीचा वाद आणि हे ह्यात दिवा सोडला तर काही सारखं नाही. तिकडे दिव्याबरोबर गळ आहे. एक त्सुनो, फार तर एक माकूल, बारीक पिल्लू सहसा अडकत नाही, दुसरा मासा जवळपास नाहीच. आपल्याकडे एक बोट जनरेटर आणि एलईडी लावून मासळी गोळा करते आणि पर्ससीन जाळं त्या सगळ्या गोतावळ्याला फेरा मारून खालून आवळतं. त्यात आलं ते आलं, मोठं, बारकं, बांगडा, तारली, माकूल, सगळं. मग रापणवाल्यांनी (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि गिलनेटवाल्यांनी (पाण्यात उभं जाळं लावणारे) काय करायचं? २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने ट्रॉलिंग (बोटीमागे जाळं ओढत नेणं), पर्ससीन आणि गिलनेटसाठी असे दिवे वापरायला बंदी केली, राज्याच्या १२ मैलांच्या हद्दीतही बंदी आहे. तरी रात्री देवगडच्या किल्ल्यावरून बघा, काळोखात कुठेतरी एक हिरवा-पांढरा ठिपका असतोच.

मागच्या सुट्टीत चुलतभावाला, त्याचा ट्रॉलर आहे, हाकोदातेचे व्हिडिओ दाखवले. लंबगोल रिळाचा व्हिडिओ त्याने चारदा बघितला. अरबी समुद्रात खोल पाण्यात मोठ्या जातीचं माकूल भरपूर आहे, कोचीच्या सीएमएफआरआय ह्या केंद्राच्या सागरी मासेमारी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यावर काम केलंय, गळाने पकडूनही बघितलंय, पण ते किनाऱ्यापासून फार लांब, आपल्या बोटींच्या रोजच्या फेरीबाहेर. हे सगळं मी त्याला उत्साहाने सांगितलं. त्याने मोबाईल परत दिला आणि विचारलं, "रातचा डिझेल किती म्हणालंस?"

मी म्हटलं पावणेचारशे लिटर, छोट्या बोटीला, नुसत्या दिव्यांचं.

"आणि थयसर जावचा-येवचा?"

ते वेगळं, म्हटलं. तो उठून जाळं शिवायला गेला.